सायकलीची खांदशेकणी

नत्थुजी काही नावाजलेला माणूस नव्हता. चांदूर रेल्वेहून दोन कोसांवर त्याचं गाव, आणि गावामागच्या टेकडीवर सहा एकर जमीन. पण बैलातलं त्याला जे कळायचं ते अख्ख्या पंचक्रोशीत कोणाला कळायचं नाही. पोळ्याच्या रांगेत देवमनची जोडी मानाची, म्हणून पहिली. तिच्या उजव्या हाताला दुसरी नत्थुजीची. चाळीस वर्षं ती जागा बदलली नाही. बैल बदलले, जागा तीच.

मग तो चारा नसलेला उन्हाळा आला. कडबा सोन्याच्या भावाचा झाला, आणि बैलांच्या बरगड्या मोजता यायला लागल्या तेव्हा नत्थुजीनं जोडी बाजारात उभी केली. घरी आला तो हातात नुसती दावी घेऊन. बायको मैनाबाईनं दावी खुंटीला टांगली. पण पोळा आला की नत्थुजी दुपारीच टेकडीवर निघून जायचा. ढोल वाजायचा थांबला, की दिवेलागणीला खाली उतरायचा. बैल नसलेल्या माणसानं त्या रांगेकडं पाहावं कोणत्या तोंडानं, असं त्याचं म्हणणं. असे दोन पोळे त्यानं चुकवले. गावानं ओळखलं होतं.

त्यात पाठीचं दुखणं. शेताची वाट म्हणजे नुसते गोटे आणि घळी. काळ्या सायकलीवर तीस वर्षं त्या वाटेनं जाऊन मणके पार खिळखिळे झालेले. अमरावतीच्या डॉक्टरनं फोटो उजेडात धरला आणि सांगितलं, "बाबा, सायकल बंद." मोटारसायकल नत्थुजीला कधी जमली नाही, आणि पायी चढायला गुडघे तयार नव्हते. म्हणजे शेतच बंद की! लोक लागलेच सांगायला, मक्त्यानं देऊन टाक म्हणून.

पोरगी प्रणाली पुण्याला नोकरीला. तिला तिथं डोंगरात सायकल चालवायचा नाद लागलेला. हैदराबादला बदली झाली तशी तिनं आपली सायकल सरळ रेल्वेत टाकली आणि फोन केला, "बाबा, मी नवीन घेईन. ही तुमाले ठेवा. पाठ दुखली तर मले सांगा."

स्टेशनवरून खोका सोडवला तो रहमतुल्ला मिस्त्रीनं. चांदूर रेल्वेत बसस्टँडच्या मागं त्याचं सायकलीचं दुकान. नत्थुजीचा जुना दोस्त. त्यानं खोका फोडला, पुठ्ठे बाजूला केले आणि हातातला पाना खाली ठेवून नुसता उकिडवा बसून राहिला.

"या अल्ला," तो म्हणाला. "नत्थुभाऊ, हे पाहा तं. हिले कंबर हाय."

खरंच होती. पुढच्या चाकाला दोन जाड नळकांड्या, आत जाणाऱ्या, बाहेर येणाऱ्या. आणि मधोमध, सीटच्या खाली, मनगटाएवढी लाल स्प्रिंग. सांगाडा तिथं दुमडायचा आणि पुन्हा सरळ व्हायचा. मिस्त्रीनं सीटवर दोन्ही हात दाबले, सायकल बसली. हात काढले, सायकल उठली. चाळीस वर्षं त्यानं सायकलींचं हालणं बंद करायचं काम केलं होतं. जिथं हाले तिथं आवळायचं. आणि इथं कोणी शहाण्या माणसानं मुद्दाम हालणारी सायकल बनवली होती! तो संध्याकाळपर्यंत दाबत बसला. गिऱ्हाईकं येऊन परत गेली.

जोडून झाल्यावर त्यानं एक गोष्ट दोनदा सांगितली. चाकांच्या मधोमध भोकंभोकांची लोखंडी ताटली असते, तिलाच ब्रेक चिमटा घेतो. "बाकी कुठंबी तेल देजा. या ताटलीले तेलाचं बोट लावू नका. तेल लागलं का ब्रेक मेला समजा."

"हो बे, समजलं," नत्थुजी म्हणाला. समजलं त्याला होतंच. पण घरी येऊन बायकोला सांगायचं काही त्याच्या डोक्यात आलं नाही. सायकल काय बायको चालवणार होती? इथं चुकलं. पुढचं सगळं त्यातून झालं, आणि मी तर म्हणतो बरं झालं, पण ते पुढं येईलच.

दुसऱ्या दिवशी नत्थुजी टेकडी चढला. लहान गिअरवर चढ असा सुटला, की कोणी मागून हात लावून राहिलं असं त्याला वाटलं. त्यानं दोनदा मान वळवून पाहिलं. आणि उतरताना तर काय सांगावं! पहिला गोटा आला तसे त्यानं डोळे मिटले, दात आवळले, पाठीतल्या कळेची वाट पाहिली. कळ आलीच नाही. चाक गोट्यावर चढलं, उतरलं, स्प्रिंगनं ते सगळं पोटात घेतलं. दुसरा गोटा. तिसरा. मग घळ. तीस वर्षं ज्या वाटेनं त्याला मारलं, ती वाट त्या दिवशी गुमान खालून निघून गेली. नत्थुजी खाली पोचला, उतरला, आणि पुन्हा वर चढला. फक्त पुन्हा उतरायला! अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, बाप्पा! त्यानं मग प्रणालीला फोन लावला. "पाठ दुखली का?" ती विचारायची आणि हा नुसता "नाही वो माय, नाही," म्हणत राहिला.

गाव पाहायला लोटलं. देवमनच्या बायकोनं, पार्बताबाईनं, स्प्रिंगला बोट लावून पाहिलं आणि लगेच काढून घेतलं. देवमननं सायकलीच्या बुडाला हात लावून विचारलं, "नत्थ्या, हे शेण बी देते का रे?" सगळे हसले, नत्थुजीही हसला. शेत सुटलं नव्हतं. तो रोज वर जायचा. रात्री सायकल कुठं ठेवायची, तर रिकाम्या गोठ्यात.

आता मैनाबाईचं ऐका. गोठ्यात कोणीतरी उभं आहे, या एवढ्यानंच त्या बाईला भरून यायचं. सकाळी ती सायकलीवरून ओलं फडकं फिरवायची, चाकातला चिखल काडीनं काढायची, आणि नवरा टेकडीवरून आला की आधी सायकलीच्या अंगावर हात फिरवायची, मग त्याला पाणी द्यायची. नवऱ्याची पाठ हिनं वाचवली. बैलांनी तरी यापेक्षा वेगळं काय केलं होतं?

पोळ्याची आदली संध्याकाळ म्हणजे आपल्याकडं खांदशेकणी. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा सोलवटतो, तिथं कोमट तूप आणि हळद पळसाच्या पानानं चोळायची, आणि उद्याच्या जेवणाचं आवतण बैलाच्या कानात सांगायचं. दोन वर्षं मैनाबाईनं त्या संध्याकाळी घराचं दार लावून घेतलं होतं. या वर्षी नत्थुजी एसटीनं चांदूरला गेलेला पाहून तिनं वाटीत तूप कढवलं, हळद घातली आणि पळसाची पानं घेऊन गोठ्यात गेली.

पण सायकलीचा खांदा कुठला? ती बराच वेळ भोवती फिरली. स्प्रिंगवर ओझं पडतं हे तिला ठाऊक होतं, तिथं लावलं. मग तिला चाकांमधल्या त्या ताटल्या दिसल्या. घासून घासून नुसत्या चकचकीत झालेल्या. जुवाखाली बैलाचा खांदा अस्साच घासून निघतो. "अव माय," मैनाबाई म्हणाली, "इथं लागते होय तुले? आनं सांगत बी नाही." आणि तिनं दोन्ही ताटल्यांना आतून-बाहेरून, जीव लावून, वाटी संपेपर्यंत तूप चोळलं. आवतण हँडलला सांगितलं. कान तोच असणार ना! रडली थोडी. मग डोळे पुसून घरात आली आणि नवऱ्याला एक अक्षर बोलली नाही. हसला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी पारासमोर तोरण बांधलं गेलं. नत्थुजीनं नेहमीप्रमाणं सायकल काढली.

"आवो, आज तं राहू द्या," मैनाबाई म्हणाली. "सनाच्या दिवशी कोनी जुंपते का?"

"लोखंड हाय ते. आनं डुकरं सोयाबीनमंदी घुसून राहिली, पाहून येतो," तो म्हणाला. डुकरं नव्हती. तिलाही माहीत होतं.

चढावर ब्रेक कोणाला लागतो? तो वर पोचला, शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, बसला. खालून ढोलाचा आवाज आला. वरून रांग दिसत होती. पूर्वी साठ जोड्या लागायच्या, आज नऊ. नत्थुजीनं त्या मोजल्या आणि देवमनच्या उजव्या बाजूची मोकळी जागा पाहिली. तिथं कोणी जोडी लावली नव्हती. ते पाहून त्याला बसवेना. निदान पलीकडच्या उतारावर जावं, जिथून हे दिसणार नाही, म्हणून तो सायकलीवर बसला. पलीकडं जायचं वळण उताराचं होतं. त्यानं ब्रेक दाबला.

काही झालं नाही. त्यानं दुसरा दाबला. चुईं असा आवाज आला आणि सायकलीनं वेग घेतला. वळण हुकलं आणि चाक लागलं गावाच्या वाटेला, सरळ खाली.

त्या उतरण्याबद्दल नत्थुजी पुढं जन्मभर सांगत राहिला, आणि प्रत्येक वेळी त्याचा आवाज बारीक व्हायचा. पहिले चार गोटे त्याला आठवत होते. मग गोटे वेगळे दिसेनात. घळ आली तशी सायकल जमिनीवरून सुटली. हो, सुटली! खाली काहीच नव्हतं. आता मेलो, असं तो मोठ्यानं म्हणाला. पण मागची कंबर दुमडली, पुढच्या नळ्या बसल्या, आणि सायकलीनं त्याला जमिनीवर असं ठेवलं, जसं आईनं लेकरू पाळण्यात ठेवावं. मागं भीती होती, पुढं मरण होतं, आणि मधल्या त्या घडीत त्या म्हाताऱ्याला इतकं अचाट सुख झालं, की तो ओरडला. कोरडा नाला गेला. गाडीवाट गेली. गल्लीत शिरताना तो जीव तोडून ओरडत होता, "सरका! सरका बे!"

माणसं दोन्ही बाजूंना पांगली. पोळा भरलेला, देवमनच्या जोडीला तोरणाखालून जायला आणखी घटकाभर अवकाश, झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणारे आत्ताशी रंगात आलेले. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत नत्थुजी सायकलीसकट तोरण तोडून, आंब्याची पानं गळ्यात घेऊन पलीकडच्या उकिरड्यात गेला.

मग मैनाबाई किंचाळत धावली. नत्थुजी शेणातून उठला. हातपाय शाबूत. देवमनचं तोंड लाल झालेलं. मानाचं तोरण एका सायकलीनं तोडलं होतं. "ब्रेक काहून नाही लावला बे? मस्ती आली?"

पोळ्याच्या आठवड्यात रहमतुल्ला मिस्त्री गोंडे आणि घुंगरमाळा विकायला गावात बसायचा. तो दुकान सोडून आला, सायकल उभी केली, ताटलीवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. "तूप हाय," तो म्हणाला. "आनं हळद. नत्थुभाऊ, म्या दोनदा सांगतलं होतं ना? कोनी लावलं हे?"

नत्थुजीनं पिवळी ताटली पाहिली. मग मैनाबाईची पिवळी बोटं पाहिली. ती पांढरीफटक पडून उभी होती. आपण हिला सांगितलं नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि दुसरं काय काय ध्यानात आलं ते त्याचं त्याला माहीत.

"म्या लावलं," तो म्हणाला. "खांद शेकले तिचे."

अख्खा पार हसला. सायकलीचे खांद! देवमन तर राग विसरून पोट धरून हसायला लागला. नत्थुजी मान खाली घालून उभा राहिला. बैलातलं सारं कळणारा तो माणूस, त्याला गावानं एवढं हसलेलं कधी कोणी पाहिलं नव्हतं.

"ते खोटं सांगून राहिले," मैनाबाई म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, पण हसणं थांबलं. ती पुढं आली. "म्या लावलं. तुमाले हासायचं तं मले हासा. दोन वर्स झाले, माह्या हाताले हळद लागली नाही पोळ्याची. गोठ्यात कोनी नाही. ही येक हाय, यांयले शेतात नेते, जित्तं घरी आनते. तिचे खांद मी नाही शेकायचे तं कोन शेकीन? माह्या हातून यांयचा जीव चालला होता..."

ऐकणाऱ्यांत पन्नास घरं रिकाम्या गोठ्यांची होती. बायांनी पदर तोंडाला लावले. माणसं इकडंतिकडं पाहायला लागली. रहमतुल्लानं खिशातला रुमाल काढला आणि ताटलीवरचं तूप पुसायला गेला, मग तसाच थांबला आणि त्यानं रुमाल खिशात घातला.

देवमन बराच वेळ आपल्या बैलाच्या शिंगावरचं बेगड नीट करत राहिला. नीटच होतं ते. मग त्यानं बैलाचा कासरा धरून जोडी जरा डावीकडं घेतली.

"नत्थ्या," तो नत्थुजीकडं न पाहताच म्हणाला, "तोरन दुसरं बांधू. तुह्यी जागा रिकामीच हाय, लाग इथं."

नत्थुजीनं सायकल हातात धरून आणली आणि देवमनच्या उजव्या हाताला उभी केली. पार्बताबाईनं आरतीचं ताट मैनाबाईच्या हातात दिलं. ढोल पुन्हा सुरू झाला, आणि नत्थुजी अंगावर शेण तसंच ठेवून, दोन्ही हातांनी हँडल धरून, सगळ्या गावासमोर ढसाढसा रडला.