जाऊबाईंच्या तोंडावरचा पदर

मंडळी, आज पैठणहून आलेल्या माझ्या थोरल्या जाऊबाईंना संभाजीनगरात दातांच्या डॉक्टरांकडं नेलं. कान ठणकतो म्हणून दोन वर्षं आम्ही लसणाचं तेल घालत होतो. आज सकाळी कानाचे डॉक्टर म्हणाले, कान ठीक आहे, जबडा दाखवा.

दातांच्या डॉक्टरीणबाईंनी कानापुढं बोटं ठेवून तोंड उघडायला लावलं. कट्ट असा आवाज मलाही आला. "जबड्याचा सांधा दुखतोय. झोपेत दात आवळता का?"

"व्हय, सकाळी लई आखडतं." मग जाऊबाईंनी हळूच विचारलं, "पुढचे वाकडे दात पंचेचाळिशीत सरळ होतात का?"

"हिरड्या चांगल्या असतील तर होतात. आधी सांधा शांत करू, मग तारांचं बघू."

जाऊबाई हसल्या आणि सवयीनं पदर तोंडावर गेला.

वीस वर्षं आम्ही त्याला मर्यादा म्हणायचो. नव्या सुनांना सांगायचो, हसावं तर थोरलीसारखं.

रिक्षात विचारलं, "आधी का नाय बोललात?"

"तुम्ही सगळ्याजणी कौतुक करत होतात, मग दात कसे दाखवू?"

तुमच्या घरात कोण तोंड झाकून हसतं? कधी विचारलंय का तिला?