गाय चावली नव्हती

अण्णांनी पाणी मागितले, म्हणून मी पेला ओठांजवळ नेला. आणि पाणी दिसताच त्यांचा घसा असा आवळला, की त्यांनी कोपराने माझा हात दूर लोटला. मग लगेच ओशाळून म्हणाले, ‘‘बाई, राग धरू नको. लई तहान हाय… पन पान्याचंच भ्याव वाटायलंय.’’ लातूरच्या रुग्णालयातली ती दुपार आमची शेवटची भेट ठरली. या गोष्टीला काही आठवडे झाले. नांदेडच्या महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून मी आयुष्यभर इतरांची पुस्तके सांभाळली. वर्तमानपत्रासाठी लिहिण्याची ही पहिलीच वेळ. गेलेल्या माणसाविषयी मऊ शब्दांत लिहावे, असा संकेत आहे. मला तो पाळता येईल असे वाटत नाही.

अण्णा माझे थोरले भाऊ. देवणीजवळच्या आमच्या गावी त्यांनी देवणी जातीची जनावरे जिवापाड जपली. घटसर्पाची, लाळ्या-खुरकुताची लस त्यांनी कधी चुकू दिली नाही. पशुवैद्यकाने सुई काढली, की अण्णा गायीच्या डोळ्यावर तळहात धरत आणि पुटपुटत, ‘‘झालं माय, झालं.’’ सुई टोचण्याआधीच ते असे म्हणत, याचे मला लहानपणापासून हसू येई.

उन्हाळ्यात त्यांची काळ्या ठिपक्यांची गाय लाळ गाळू लागली, चारा तिच्या घशाखाली उतरेना. आमच्याकडे अशा वेळी सगळ्यांना एकच सुचते, आंब्याची कोय अडकली असणार. अण्णांनी कोपरापर्यंत हात तिच्या तोंडात घातला. कडबा तोडून बोटे चिरलेली होती. वहिनीही भेगाळल्या हातांनी तिला गूळ चारत, तिची लाळ पुसत होत्या. कोय नव्हतीच. गाय गेली, तेव्हा पशुवैद्यकाने सांगितले की ही पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याची लक्षणे आहेत. तोंडात हात घातलेल्या सर्वांनी लस घ्यावी.

‘‘चावली कुटं? गाय हाय, कुत्रं न्हाई,’’ अण्णा म्हणाले. तरीही ते उदगीरला निघाले होते. त्या दिवशी आमचा धाकटा भाऊ विलास गावी आला होता. लातूरच्या शिकवणी वर्गात तो डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांना जीवशास्त्र शिकवतो. करोनाच्या लसीनंतर त्याच्या शेजाऱ्याला हृदयविकाराचा झटका आला, तेव्हापासून त्याला प्रत्येक सुईमागे व्यापार दिसतो. ‘‘गायीनं पापा घेतला म्हणून सुई घेता का अण्णा?’’ तो म्हणाला. अंगणातले सगळे हसले. अण्णाही हसले आणि त्यांनी पायातल्या चपला काढून ठेवल्या. हे सारे वहिनींनी मला लातूरच्या रुग्णालयाच्या पायरीवर बसून सांगितले.

लसीविषयी प्रश्न विचारूच नयेत, असे मी म्हणणार नाही. दुष्परिणाम असतात, ते तपासले जावेत, लोकांना सांगितले जावेत. पण प्रश्न विचारणाऱ्याला उत्तरासाठी थांबावे लागते. रेबीजचा विषाणू घाईत नसतो. जखमेपासून मज्जातंतूंच्या वाटेने तो मेंदूकडे सावकाश चढतो. लस म्हणजे त्याचेच मारलेले रूप. ते पाहून शरीर त्याला ओळखायला शिकते आणि तो वाटेत असतानाच त्याला गाठते. शरीराचे हे शिकणे पूर्ण होईपर्यंत जखमेत टोचलेली तयार प्रतिपिंडे पहारा देतात. म्हणजे या रोगाने आम्हाला वेळ दिला होता… आणि आम्ही तो हसण्यात घालवला.

अण्णांच्या पुण्यानुमोदनाला मांडव भरला होता. वहिनींनी अजून लस घेतलेली नव्हती. मी तो विषय काढताच विलास चारचौघांत म्हणाला, ‘‘ताई, वहिनीला उगा घाबरवू नको. दोन महिने उलटले. आता टोचून काय उपयोग?’’ चारचौघांत बोलायचे म्हटले की माझा आवाज बसतो. त्या दिवशी तो कसा कोण जाणे, बसला नाही. मी विचारले, ‘‘विलास, उशीर झाला तरी लस घ्यावी का, हा प्रश्न परीक्षेत आला, तर तुझी मुलं काय लिहितील?’’

‘‘घ्यावी, असं लिहितील,’’ तो म्हणाला. ‘‘पण परीक्षेचं वेगळं असतं गं.’’

वहिनी उठल्या. ‘‘भावजी, पोरांस्नी खरं सांगता, अन् घरात हे सांगता व्हय?’’ त्या एवढेच म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या, ‘‘वन्सं, माझ्या चपला बघा कुटं हायत्या.’’

विलासशी मी अजून बोललेले नाही. बोलेन की नाही, ठाऊक नाही. सगळे म्हणतात, त्याचा हेतू वाईट नव्हता. नसेल. पण त्याला उत्तर ठाऊक होते. अडाणीपणाला मी क्षमा केली असती.

उदगीरच्या दवाखान्यात परिचारिकेने सुई काढली, तेव्हा वहिनींनी स्वतःचाच तळहात डोळ्यांवर धरला. सुई टोचायला अजून अवकाश होता. ‘‘झालं माय, झालं,’’ त्या पुटपुटल्या. मी त्यांच्या हाताकडे पाहत राहिले. अण्णांचा असाच हात गायीच्या डोळ्यावर असे. तोच हात त्यांनी तिच्या तोंडात घातला होता.