पाचव्या ओळीच्या अलीकडची माती

प्रिय ईरा आणि मिहीर,

बापूआजोबा गेले तेव्हा तुम्ही दोघांनी फोनवर एकच प्रश्न विचारला होतात, "आता बागेचं काय होणार?" मी तेव्हा "बघू" म्हणाले. कुठल्याही प्रश्नाला "बघू" म्हणायची मला सवय नाही, हवं तर तुमच्या बाबाला विचारा. पण खरोखरच माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते बागेतल्या मातीत वीतभर खोल पुरलेलं होतं. काल मी आणि सुमनआजीनं ते उकरून काढलं, म्हणून आज लिहायला बसले आहे. हे मी वर्तमानपत्राच्या पुरवणीलाही पाठवणार आहे, कारण बापूला ओळखणारी माणसं या भागात पुष्कळ आहेत आणि त्यातल्या निम्म्यांनी त्याला कधी ना कधी वेडा ठरवलेलं आहे. एक वर्ष मीही त्यांच्यात होते.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याला माझ्या बहिणीकडे होते. डोळे तपासायचे होते. दवाखान्याला निघताना चप्पल घालत होते, तेवढ्यात सुमनचा फोन आला. "अक्का, या तुमी... हे न्हाईत आता." बापू सकाळी चहाचा पेला घेऊन बागेत गेला होता. रोजच जायचा. न्याहारीला आला नाही म्हणून सुमन बोलवायला गेली, तर ओळीच्या टोकाच्या खांबाला टेकून बसलेला. पेला रिकामा करून शेजारी पालथा घातलेला होता. एसटीत कराडपर्यंत खिडकीबाहेर नुसता ऊस पळत होता आणि माझ्या डोक्यात आदल्या दिवसाचं आमचं बोलणं. मी म्हटलं होतं, "बापू, दोन महिने आज पूर्ण झाले. उकरू या." तो म्हणाला, "आज नगं वैनी. नागपंचमीला माती उकरत न्हाईत." मी म्हटलं, "तू कधीपासून असलं मानायला लागलास?" तर म्हणाला, "मानत न्हाई ओ. पर वर्षातनं एक दिस मातीला सुट्टी दिली तर आपलं काय जातंय? तुमी साताऱ्यासनं या. परवा काढू." गावी पोचल्यावर, सगळ्यांच्या गळ्यात पडून झाल्यावर, मी एकटी जाऊन बघून आले. खुणेच्या दोन्ही काड्या जागेवर होत्या. त्यानं माझ्यावाचून उकरलं नव्हतं.

तिथे काय पुरलं होतं हे सांगायचं तर आधी माझी चूक सांगावी लागेल, आणि त्याच्याही आधी थोडा बापू.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा माझा हा धाकटा दीर नववीत होता. मी त्याला इंग्रजी शिकवलं, त्यानं मला बैलगाडी हाकायला शिकवली. दोघंही जेमतेम पास झालो. तुमचे आजोबा सैन्यात, मी साताऱ्याला शाळेत, त्यामुळे जमीन बापूनंच बघितली. तासगाव भागात द्राक्षं वाढली तसा तोही द्राक्षात उतरला, आणि त्या काळात त्याच्यासारखी बाग कुणाची नव्हती. वेलींच्या दोन ओळींमध्ये गवताची काडी दिसायची नाही. तण दिसलं की तणनाशक, पानगळ झाली की गोळा करून काडी लावायची. लोक बाग बघायला यायचे आणि म्हणायचे, आरशासारखी हाय. मग एका वर्षी मोठा पाऊस झाला. पाऊस थांबल्यावर बापू ओढ्यावर उभा राहिला, तर पाणी चहासारखं तांबूस. घरी येऊन तो सुमनला म्हणाला, "आपलं रान निघालं बघ ओढ्यानं." त्या दिवसापासून त्यानं तणनाशकाला हात लावला नाही. ओळींमध्ये ताग पेरायचा, फुलावर यायच्या आत कापून तिथेच झोपवायचा. छाटणीच्या काड्या बारीक करून वेलींच्या बुडाशी टाकायच्या, वर उसाचं पाचट. गवत वाढलं तर वाढू द्यायचं, फार झालं की वरच्यावर कापायचं. पहिली दोन वर्षं माल कमी आला. सुमन त्याच्याशी महिनाभर बोलली नाही. शेजारचे तात्या बांधावरून ओरडायचे, "बापू, बाग हाय का रानडुकराचं घर?" तो म्हणायचा, "डुकरं न्हाईत गड्या, गांडुळं हायत. या की बघायला." तात्या काही यायचे नाहीत. मात्र बापू अंगात आल्यासारखा सेंद्रिय शेतीचा झेंडा घेऊन हिंडायचा नाही. वेलीवर रोग आला तर औषध मारायचा. "वेलीला ताप आला तर गोळी देणारच की. मातीला कशापायी इख पाजायचं?" असा त्याचा हिशेब होता.

तुमचे आजोबा गेल्यावर मी कायमची गावी राहायला आले. दुसऱ्याच वर्षी बापूला पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी मिरजेला नेलं. सुमन त्याच्यासोबत. घर आणि बाग आठ दिवस माझ्या ताब्यात. आता तुम्हाला तुमची आजी माहीत आहे. वर्गात जमिनीवर कागदाचा कपटा दिसला तर मी धडा थांबवायची. रोज सकाळी ओसरीवरून ते गुडघाभर गवत, ते अस्ताव्यस्त पाचट, त्या काड्या बघून माझ्या जिवाची घालमेल व्हायची. वाटलं, हा माणूस पोटाला टाके घेऊन घरी येईल, त्याला सगळं नीटनेटकं दिसू दे. मी फवारणीवाल्याला बोलावलं. रस्त्याकडच्या पहिल्या चार ओळी झाल्या आणि त्याचं औषध संपलं. गवत पिवळं पडल्यावर दोन बायका लावून ते उपटलं, पाचटासकट पेटवलं, आणि शेवटी खराट्यानं त्या चार ओळी झाडून घेतल्या. हो, द्राक्षबाग झाडून घेतली. वर पाणीही शिंपडलं.

बापू रिक्षातून उतरला आणि पोटावर हात धरून तिथेच उभा राहिला. मग म्हणाला, "वैनी, लय कष्ट घेतलं तुमी." आणि आत जाऊन झोपला. स्वयंपाकघरात सुमननं मला सांगितलं, "अक्का, सहा वर्सं झाली ह्यांना ती माती करायला." मी त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या खाटेशी जाऊन माफी मागितली. तो म्हणाला, "माफी माझी नगा मागू. त्या चार ओळींची मागा. आजपासनं त्या तुमच्या. तुमीच घालवल्या, तुमीच आणायच्या." मी विचारलं, "आणि परत आल्या की नाही, हे कसं कळणार?" तर त्यानं सुमनला हाक मारून आपल्या दोन सुती बनियन मागवल्या.

परीक्षा अशी. एक बनियन माझ्या ओळीत पुरायची, एक पाचव्या ओळीत, जी माझ्या खराट्यातून वाचली होती. दोन महिन्यांनी दोन्ही काढायच्या. माती जिवंत असली तर तिच्यातले जीव सूत खाऊन टाकतात. शिवणीचा दोरा सुती नसतो, म्हणून तेवढी शिवण राहते. त्या वर्षी पाचव्या ओळीतून चिंध्या निघाल्या. माझ्या ओळीतून निघाली ती अख्खी बनियन. बापूनं ती झटकली, उजेडात धरली आणि म्हणाला, "सुमे, धुऊन ठेव. उद्या घालतो." सुमननं दोन्ही दोरीवर टांगल्या. तात्या शेवटी बांध ओलांडून आले, चिंध्यांकडे बघून म्हणाले, "बापू, तुझी माती कापडं खाती. माणसं कवा खाईल?" बापू म्हणाला, "खाईल की. जरा दम धरा."

मग मी कामाला लागले. वही केली. ताग कधी पेरला, कधी कापला, पाचट किती पाट्या, एका फावड्यात गांडुळं किती. पहिल्या पावसाळ्यात गांडुळांच्या रकान्यात शून्यच लिहीत होते. गावातले लोक त्या तुकड्याला बाईंच्या ओळी म्हणायला लागले. पुढच्या वर्षीच्या बनियनला बगलेत आणि पाठीवर भोकं पडली होती. बापूनं भोकं मोजून निकाल दिला, "पस्तीस मार्क. काठावर पास." मी म्हटलं, "पुन्हा तपासणीसाठी अर्ज करते." तो म्हणाला, "करा. फी भरा."

त्याच साली फळछाटणीनंतर पाऊस लागून राहिला. कोवळ्या फुटीवर औषध मारायचं तर ट्रॅक्टर बागेत जायला हवा, आणि सगळ्यांच्या स्वच्छ बागांत चाकं रुतत होती. बापूचा ट्रॅक्टर गवतावरून सरळ गेला. तात्या बांधावर उभे राहून बघत होते. शेवटी म्हणाले, "बापू, तागाचं बी हाय का रं जादा?" बापूनं पोतं दिलं. एक शब्द टोमणा मारला नाही. घरात येऊन मात्र इतका हसला की सुमन म्हणाली, "जुने टाके बी उसवतील."

यंदाच्या बनियन त्यानं पावसाच्या सुरुवातीला पुरल्या होत्या. त्या मातीतच राहिल्या आणि तो गेला. रक्षाविसर्जनाच्या दिवशी सुमननं ठरवलं, रक्षा नदीत सोडायची नाही, बागेत घालायची. परात घेऊन ती माझ्या ओळींशी आली, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "इथे नको सुमन. पाचवीतही नको. राख पडली तर परीक्षेत घोळ होईल." सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुमन रडता रडता हसली. म्हणाली, "ह्येच म्हनलं असतं त्यांनी." आणि सहाव्या ओळीकडे वळली.

तेरावं झाल्यावर सल्ले देणारे यायला लागले. एकानं बाग भाड्यानं मागितली, पण आधी सगळं गवत मारून रान साफ करून घेणार म्हणाला. सुमननं दोन दिवस मागून घेतले. मग मला म्हणाली, "अक्का, बाकीची बाग ह्यांच्या हातची. तुमच्या चार ओळी तेवढ्या तुमच्या हातच्या. त्या सुधारल्या असतील तर आपल्या दोघींना जमंल. नसतील तर देऊन टाकू. मी त्यांच्या नावानं खोटं रेटायची न्हाई." मला ते पटलं. इतकी वर्षं मी निकाल लावत आले, माझा निकाल मला चुकवता येणार नव्हता. पण धीर होत नव्हता. गणपती गेले, फळछाटणी तोंडावर आली, तेव्हा काल सकाळी आम्ही फावडं घेतलं.

आधी पाचवी ओळ. नुसती शिवण आली, गळ्याची आणि खांद्याची. मग माझी. मी फावडं बाजूला ठेवलं आणि हातानं उकरलं. माती गार आणि भुसभुशीत लागली, पाऊस पडून गेल्यावर जंगलात येतो तसा वास आला. पांढरं काहीतरी दिसलं आणि मी उकरायची थांबले. तो खांद्याजवळचा तुकडा होता, तळहाताएवढा. बाकी सगळी शिवण. दोन महिन्यांऐवजी माझ्या मातीला जादा वेळ मिळाला हे मी वहीत लिहिलं आहे, पण जादा वेळ पाचवीलाही तितकाच मिळाला. सुमननं तुकडा हातात घेऊन उलटसुलट केला, बापू करायचा तसा. "फस्ट क्लास," ती म्हणाली. "डिस्टिंक्शन न्हाई." मी म्हटलं, "अर्ज करते." ती म्हणाली, "करा. फी भरा." मग दोघीही तिथेच गवतात बसलो.

तर ईरा, मिहीर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. बाग कुणाला दिलेली नाही. फळछाटणी आम्ही दोघी करतो आहोत, ट्रॅक्टर तात्यांचा येईल. दोन्ही शिवणी आणि तो तळहाताएवढा तुकडा सुमननं धुऊन दोरीवर घातला आहे. बापूच्या खांबाशी पेला अजून पालथा आहे. गवत गुडघ्याएवढं आहे.

तुमची,
आजी