पेशंट नंबर एकशे बारा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बुवा, नंतर माझं तोंड बघून तुम्हालाच दया येईल!

मी वैद्यकीय कॉलेजात शिकवतो. बजाजनगरच्या एका सरकारी दवाखान्यात पेशंटच्या नोंदी कॉम्प्युटरवर आल्या, आणि मी लगेच त्यावर संशोधन काढलं. साखरेचे पेशंट एकदा तपासून गेले की परत का येत नाहीत? नियम कडक. पेशंटचं नाव कुणाला कळता कामा नये. मला नुसते नंबर दिसायचे. फोन करायचं काम आशा कार्यकर्त्या कांताबाईंचं, त्यांच्याकडे पेशंटचा नंबर आणि मोबाईल नंबर. नावं फक्त शबाना सिस्टरच्या कॉम्प्युटरवर. काय माझा तोरा सांगू तुम्हाला!

एका शनिवारी सगळ्या स्टाफला समोर बसवलं आणि पडद्यावर नंबर एकशे बारा लावला.

"बघा हा नमुना! वय सत्तेचाळीस, वजन ब्याण्णव किलो, साखर तीनशेच्या घरात. आठ महिने झाले, फिरकला नाही. आरशात बघतो की नाही हा माणूस?"

सगळे हसले. मला चेव आला. "कांताबाई, फोन केला नाहीत?"

"केला की! चार डाव केला. लई माजोरी माणूस, सर. उचलतच नाय."

एवढ्यात शबाना सिस्टरनं कॉम्प्युटरवर नाव बघितलं आणि तिला जोरात ठसका लागला. "सर, जाने दो ना. हा पेशंट सोडा. चांगला माणूस आहे."

"चांगुलपणानं साखर उतरते का, सिस्टर?"

"नाव सांगू का?"

"अजिबात नाही! नियम म्हणजे नियम! कांताबाई, लावा फोन. स्पीकरवर."

रिंग गेली. नेमका माझ्या खिशातला फोन वाजला. ऐन मीटिंगमध्ये कोण कडमडलं? न बघताच कापला.

"कापला बघा मेल्यानं!" कांताबाई म्हणाल्या.

"बघितलंत? जिवाची पर्वा नाही! पुन्हा लावा!"

पुन्हा माझा खिसा वाजला. पुन्हा कापला.

"परत कापला!"

"उद्धट! एक नंबरचा उद्धट! लावा तिसऱ्यांदा!"

शबाना सिस्टरनं तोंडात रुमाल कोंबला होता. माझा फोन वाजला तसं कांताबाईंनी हातातल्या मोबाईलकडं पाहिलं, मग माझ्या खिशाकडं. "सर, आधी तुमचा उचला की. त्याचं बघू नंतर."

मी वैतागून उचलला. "हॅलो!"

"हॅलो!" कांताबाईंच्या स्पीकरमधून माझाच आवाज आला.

पुढचा हशा पार वाळूजपर्यंत ऐकू गेला असेल.

मग आठवलं. कॉम्प्युटर नवा होता तेव्हा नोंद कशी करायची हे दाखवायला मी माझंच बोट पुढं केलं होतं, माझाच मोबाईल नंबर दिला होता. साखर जास्त आली, तर "मशीन खराब आहे" म्हणून हसून सोडलं! आणि पुढं दवाखान्याचा फोन आला की वाटायचं, कॉम्प्युटर बंद पडला असणार, म्हणून कापायचो.

पण खरं सांगू? हशा चालू असताना मी बोटांवर महिने मोजत होतो. आठ महिने! शबाना सिस्टरच्या ते ध्यानात आलं. हसणं थांबवून तिनं मला खुर्चीत बसवलं, बोट टोचलं. साखर अजून तशीच. दवाखान्याच्या डॉक्टरांकडून गोळ्या लिहून घेतल्या, सोमवारी उपाशीपोटी यायला सांगितलं.

"सर, तुमचे दोन रकाने रिकामे आहेत," ती कॉम्प्युटरकडं वळून म्हणाली. "शिक्षण?"

"एम.डी.," मी पुटपुटलो.

"मोठ्यानं सांगा, ऐकू नाय आलं."

"एम.डी.!"

"आजाराची माहिती आहे का?"

मी तोंड उघडलं. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि स्वतःच टाईप केलं, 'नाही.'