कारण लिहायची चौकट

सिंगापूरच्या एका टेस्टिंग लॅबच्या सर्व्हरवर माझी मराठीतली एक नोंद आहे. रोमन लिपीत, घाईघाईने टाइप केलेली, पण शब्द न् शब्द मराठी. ती कोणालाही पुसता येणार नाही, मलाही नाही. मला तिचा अभिमान आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे मी नम्रपणाचा आव आणते आहे असं कोणाला वाटायला नको.

तोआ पायोहजवळच्या एका इंडस्ट्रियल बिल्डिंगमध्ये, पाचव्या मजल्यावर आमची लॅब होती. बाहेरच्या देशांतून आलेल्या भाज्या-मसाल्यांत कीटकनाशक किती उरलंय ते आम्ही तपासायचो. नमुना मशीनमधून गेला की पडद्यावर एक रेघ उमटते आणि त्या रेघेवर उंचवटे, प्रत्येक उंचवटा एका पदार्थाचा. उंचवट्याच्या पायथ्याशी जी सीमा धरायची ती बेसलाइन. बहुतेक वेळा ती सॉफ्टवेअरच धरतं. पण कढीपत्त्यासारख्या उग्र वासाच्या पाल्यात उंचवटे एकमेकांच्या खांद्यावर चढून बसतात, मग माणसाला हाताने रेघ ओढावी लागते. आकडा मशीन देतं असं लोकांना वाटतं. शेवटी आकडा माणूस देतो. म्हणूनच रेघ हलवली की सॉफ्टवेअर एक चौकट उघडतं आणि विचारतं, कारण काय? ते लिहिल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही.

आमचे मॅनेजर मुंबईचे, माझ्याहून बरेच मोठे, इथे मुरलेले. अख्ख्या लॅबमध्ये आम्ही दोघंच मराठी. पण दिवसभर ते माझ्याशी इंग्रजीत बोलत, अगदी गणपतीच्या शुभेच्छासुद्धा. ते मराठीत बोलायला लागले की मी सावध व्हायचे. ई-मेलमध्ये लिहिता येणार नाही असं जे काही असेल, त्यासाठीच त्यांनी मराठी राखून ठेवली होती.

एकदा एका मोठ्या आयातदाराचा कढीपत्ता आला. आकडा मर्यादेच्या जरासा वर निघाला. मी नव्याने नमुना तयार करून पुन्हा बघितलं. तेच. मॅनेजर येऊन खुर्चीमागे उभे राहिले.

"अगं, बेसलाइन जरा वर घे ना," ते हळूच म्हणाले. "उगाच माल कशाला अडकवायचा? आणि कढीपत्ता खातं कोण? ताटात बाजूलाच काढतात."

मी तडक नाही म्हणाले, असं लिहायला मला फार आवडलं असतं. मी रेघ वर घेतली. माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहून नोकरी करायचा परवाना, दोन महिन्यांनी रिन्यू व्हायचा होता. नवरा पुण्याची नोकरी सोडून माझ्या पासवर आलेला, मुलीची शाळाही त्याच पासवर. रेघ वर गेली, उंचवटा बुटका झाला, आकडा मर्यादेच्या आत आला. चौकटीत मी टाइप केलं, 'बेसलाइन करेक्शन'. जगभरातले अ‍ॅनालिस्ट हेच दोन शब्द लिहितात, आणि बहुतेक वेळा ते खरेही असतात. माझे खोटे होते.

संध्याकाळी लिटिल इंडियात उतरून नेहमीची खरेदी केली. त्यात कढीपत्त्याची जुडीही आली. घरी येऊन ती धुतली, भाजली, खोबरं-तीळ घालून चटणी केली. माझ्या आईचा नियम होता, केस चांगले राहायला हवे असतील तर रोज चमचाभर कढीपत्त्याची चटणी पोटात गेली पाहिजे. तो नियम मी जसाच्या तसा मुलीवर लादलेला. ती नऊ वर्षांची, भातावर चटणी घेऊन बोटं चाटत होती. मी तिच्यासमोरचं ताट उचललं.

"मम्मा! यू सेड मस्ट फिनिश, व्हॉट!"

"नको खाऊस," एवढंच मला म्हणता आलं.

ती जुडी त्याच मालातली होती याला काही पुरावा नव्हता. तो माल तर अजून अडकलेलाच होता, दुकानात येणंच शक्य नव्हतं. हे सगळं मला कळत होतं, रसायनशास्त्र शिकलेय मी. तरी सगळी चटणी कचऱ्यात टाकली. कढीपत्ता खातं कोण म्हणे! आमच्याकडे वाटून खातात, मुलांना दटावून खायला घालतात. मॅनेजरांचा राग आला, पण त्याहून जास्त माझाच आला, कारण माऊस माझ्या हातात होता.

सकाळी सगळ्यांच्या आधी पोचले. रेघ होती तिथे परत आणली. चौकट उघडली, कारण काय? मी टाइप केलं: "मॅनेजर म्हणाले, बेसलाइन जरा वर घे ना, कढीपत्ता खातं कोण. मी घेतली. चूक केली. परत खाली आणली."

मराठीत का लिहिलंस, असं नंतर नवऱ्याने विचारलं. कारण ते मराठीत बोलले होते. वाचलेलं, ऐकलेलं, मोजलेलं जसंच्या तसं नोंदवायचं, साफसूफ करायचं नाही, हे मला पहिल्या नोकरीत शिकवलं होतं.

तासाभराने केबिनमध्ये बोलावणं आलं.

"हे काय लिहून ठेवलंयस?"

"तुम्ही बोललात ते, सर."

"पास रिन्यू व्हायचाय ना तुझा? बघ बाई."

"बघितलंय सर. घरी सांगूनच आलेय."

रिपोर्ट नापास म्हणून गेला. त्या नोंदीनंतर त्यांना दुसरा काही पाठवताच आला नसता. पुढे ते माझ्याशी एक शब्द मराठीत बोलले नाहीत, आणि माझं काही अडलं नाही.

काही आठवड्यांनी बाहेरचं ऑडिट आलं. ऑडिटर साठीच्या एक चिनी बाई होत्या. बदलांची यादी खाली सरकवता सरकवता त्या थांबल्या.

"धिस वन व्हॉट लँग्वेज आह?"

मी सांगितलं. त्यांनी कोरा कागद पुढे केला. मी नोंदीचं इंग्रजी भाषांतर लिहिलं, एक शब्द मऊ केला नाही. माझी चूकही तेवढ्याच ठळक अक्षरात लिहिली आणि सही केली. बाईंनी कागद घेतला नाही.

"सेकंड चेक?"

आमच्या धंद्याचा हा नियमच आहे. एकाने केलेलं दुसऱ्याने तपासायचं, नाहीतर ते केलंच नाही असं धरतात. आणि लॅबमध्ये मराठी वाचता येणारा दुसरा माणूस एकच होता. तो टेबलाच्या पलीकडेच बसला होता.

मॅनेजरांनी चष्मा लावला. पडद्यावरची नोंद वाचली, माझा कागद वाचला, परत नोंद वाचली. हिने हे मनचं लिहिलंय, असं ते म्हणू शकले असते. पण बाईंनी विचारलं होतं ते एवढंच, की भाषांतर बरोबर आहे का. "करेक्ट," ते म्हणाले, आणि 'तपासले'च्या जागी त्यांनी सही केली. न घुटमळता केली, हे मात्र मी मान्य करते. तीस दिवस राग धरून बसलेली मी त्या क्षणी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

पास रिन्यू झाला नाही. कंपनीने अर्जच केला नाही. पुढे मला सिंगापुरातच, जुरोंगला नोकरी मिळाली, पण एचआरच्या खोलीत पत्र हातात पडलं तेव्हा ते मला माहीत नव्हतं. तेव्हा मला दिसत होता महिनाभराचा वेळ, मुलीची अर्धवट राहणारी इयत्ता आणि विमानाची तीन तिकिटं. पत्रात कारणासाठी एक ओळ होती. तिथे लिहिलं होतं, 'कामाची पुनर्रचना'.

मला हसूच आलं. हेही बेसलाइन करेक्शनच की.

एचआरच्या मुलीने सहीची जागा दाखवली. मी सही केली आणि शेजारी, कोणी चौकट दिली नव्हती तरी, मराठीत लिहिलं: "पत्र मिळालं. कारण खोटं आहे."

"कॅन आय नो व्हॉट धिस सेज?" तिने विचारलं.

"आमच्या लॅबच्या मॅनेजरांना विचारा," मी म्हटलं. "ते तपासून देतील."