मासेवाल्या काकीची साक्ष

ओरोसच्या कोर्टात मी लघुलेखक होते. साक्षीदार मालवणीत बोलायचे, न्यायाधीश ते मराठीत सांगायचे आणि मी टाइप करायचे. घरची भाषा कानाने ऐकायची आणि दुसरीच लिहायची, याची बोटांना सवय झाली होती.

त्या दिवशी साक्षीला मिठबावकडची एक मासे विकणारी काकी आली होती. पन्नाशीची असेल. उजवं मनगट वाकडं सांधलेलं, दोन बोटं मिटत नव्हती. शेजारच्या घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, ती सकाळी बांगडे द्यायला गेली, तेव्हा त्या घरच्या तरुणाने तिच्यावर कोयता चालवला होता. त्याच्या मनाच्या आजारावर कुडाळला उपचार चालू होते, पण या घटनेच्या काही महिने आधी त्याने गोळ्या सोडल्या होत्या. आता तो आरोपी म्हणून समोर बसला होता, मान खाली घालून.

घाव त्यानेच घातला याबद्दल वाद नव्हता. प्रश्न एवढाच होता, की आपण काय करतोय आणि ते वाईट आहे, हे त्याला त्या वेळी कळत होतं का.

सरकारी वकिलांना काकीने सगळं सांगितलं, काहीही न लपवता. मग आरोपीच्या वकिलांनी विचारलं, घाव घालून तो पळाला का? ती नाही म्हणाली. माणसं धावत आली तेव्हा तो झावळ्या उलथून साप शोधत होता. काकीच्या मनगटाला सापाने विळखा घातलाय, असं तो ओरडत होता.

"साप होता का?" वकिलांनी विचारलं.

"नाय. पण तेका दिसलो." ती जरा थांबली आणि न्यायाधीशांकडे वळली. "साहेब, तेना सापाक मारल्यान. हात माझो मधी इलो."

माझी बोटं थांबली. न्यायाधीशांनी सांगण्याआधीच सवयीने मी 'आरोपीने सापास' असं सुरू केलं होतं. न्यायाधीश हळूच म्हणाले, "खोडा ते. त्या बोलल्या तसंच घ्या."

नोकरीत पहिल्यांदाच मी मालवणी टाइप केली. डॉक्टरांचा लांबलचक अहवाल जे सांगत होता, ते या बाईने, जिला आता मासळी कापता येत नव्हती, दोन वाक्यांत सांगितलं होतं.

काही महिन्यांनी निकाल लागला. कृत्य त्याचं, पण मन ठिकाणावर नसताना घडलेलं, म्हणून तो निर्दोष. मात्र त्याला मनोरुग्णालयात ठेवावं. औषधांनी तो सावरला होता. त्याने एवढंच विचारलं, "म्हणजे ह्या माझ्याच हातान झाला मा?"

"हो," न्यायाधीश म्हणाले, "तुमच्याच हातून झालं. पण त्याचा गुन्हा तुमच्यावर येत नाही."

ते ऐकून त्याचे खांदे सैल झाले. कुणीतरी ते खरंखरं सांगावं, याचीच तो वाट पाहत असावा. मागच्या बाकावर काकी बसली होती. त्याने तिला हात जोडले.

"गोळये वेळेर घे रे," ती म्हणाली आणि बस गाठायला निघाली.

पुढचं प्रकरण पुकारलं गेलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की काकी निघाली तेव्हा मी उठले होते आणि अजून उभीच होते.