शिक्का कोणाच्या खिशात

माझी बायको सरपंच झाली तेव्हा गुलाल माझ्या अंगावर पडला. हारही माझ्याच गळ्यात. पेणपासून रोह्यापर्यंत लोक मला ‘सरपंच’ म्हणू लागले आणि मीही मान तुकवून रामराम घेऊ लागलो. सह्या ती करायची, पण शिक्का माझ्या शर्टाच्या खिशात.

खांब गावच्या नाक्यावरच्या एका हॉटेलातला आचारी नेपाळचा. बरीच वर्षं इथे राहून आमच्यासारखंच बोलू लागलेला. त्याची बायको तिकडे वॉर्डाच्या निवडणुकीला उभी राहिली. मतदान झालं, पण निकाल येईना. आमच्याकडे मशीन, दुपारपर्यंत फटाके. त्यांच्याकडे कागदी मतपत्रिका, एकेक उलगडून मोजायची. तीन दिवस त्याच्या एका हातात झारा, दुसऱ्यात मोबाइल. भजी करपली तरी कोणी कुरकुरलं नाही.

त्याचा जीव टांगणीला आणि मला व्याख्यानाची हौस! “शेजाऱ्यांचं कौतुक काय सांगू! भूतानात राजाच म्हणाला, मतं द्या. तुम्ही तर राजालाच घरी बसवलंत. आणि लंकेने बाईला पंतप्रधान केलं, साऱ्या जगाच्या आधी!”

“आमच्या वॉर्डात दोन बाया लागतातच,” तो म्हणाला. “कायदा हाय.”

“आमच्यात तर निम्म्या हायत!” मी छाती फुगवली.

चौथ्या दिवशी फोन वाजला. ऐकता ऐकता त्याच्या हातून झाराच पडला. निवडून आली! मी धावत जाऊन झेंडूचा हार आणला, त्याच्या गळ्यात घातला. “या, मेंबर!”

त्याने हार काढून टेबलावर ठेवला. “मी कशाला? मेंबर ती झाली.”

“अरे, एकच की!”

“एकच कसं? मी तर मत पण नाय दिला. तिकडे गेलो तर मीटिंगला चा करीन.” मग माझ्या खिशाकडे बघत अगदी भोळेपणाने विचारलं, “दादा, तो शिक्का वहिनींचा ना?”

गल्ल्यावरचा मालक हसून हसून डोळे पुसू लागला.

घरी येऊन झाला प्रकार बायकोला सांगितला नि शिक्का तिच्यापुढे ठेवला. तिने तो पॅडवर दाबला, कागदावर उठवला. काहीच उमटलं नाही.

“पॅड सुकलाय,” ती म्हणाली. “रोह्याला जा नि शाई आणा. आणि वाटेत त्या मेंबरच्या मिस्टरांना माझा नमस्कार सांगा.”